साईट इंजिनियर ३ महिन्यांत सोडून जातो, दर वेळी तेच: बिघाड कुठे शोधायचा

आधी लक्षणं सांगतो म्हणजे तुमच्याकडे पण हेच होतंय का ते कळेल. नवीन पोरगा घेतला, डिप्लोमा नाहीतर बीई सिव्हिल, पहिला महिना एकदम झकास, वेळेवर येतो, हेल्मेट घालतो, वॉचमनला पण सर म्हणतो. दुसऱ्या महिन्यात फोन उचलायला उशीर व्हायला लागतो. तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी येतच नाही आणि संध्याकाळी व्हॉट्सअॅपला मेसेज पडतो, सर घरी अडचण आहे, मला जमणार नाही. पंधरा दिवसांनी सिमेंटवाल्याकडून कळतं की तो पाथर्डी फाट्याला दुसऱ्या कोणाच्या साईटवर उभा आहे आणि पगार तेवढाच घेतोय.

मी नाशिकला बिल्डिंगची कामं घेतो, पार्किंग आणि वर ५, कधी ७ मजले, एका वेळी दोन नाहीतर तीन साईट. एचआर वगैरे काही नाही, एचआर म्हणजे मी आणि अकाउंट बघणारी ताई. ४ वर्षांत ११ पोरं घेतली त्यातली ८ गेली आणि प्रत्येक वेळी मी म्हणालो की आजकालच्या पोरांना काम नको. हे वाक्य तुम्ही पण म्हणत असाल तर पुढचं वाचा, नसाल म्हणत तर तुमचं बरं चाललंय.

आधी मी काय काय करून बघितलं आणि चाललं नाही ते पटकन सांगून टाकतो. १८ हजाराचे २२ केले, गेला तो गेलाच, फक्त जाताना जरा जास्त पैसे घेऊन गेला. मग कोणीतरी सांगितलं की ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायची, एकाची ठेवली, तो मार्कशीट न घेताच गेला आणि मग त्याचे वडील गावाकडून एसटीने आले, माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले, त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली, तो प्रकार तिथेच बंद. कोणाची कागदपत्रं अडकवून माणूस टिकत नाही आणि ते बरोबर पण नाही. मग अनुभवी माणूस फोडून आणला, ६ वर्षं अनुभव, त्याने येताना स्वतःचा स्टीलवाला आणि स्वतःचा कट पण आणला. मग बायकोच्या मावसभावाचा मुलगा घेतला. त्याबद्दल काही लिहीत नाही, घरात वाचतात.

खरं उत्तर मस्टरमध्ये पडलेलं होतं. मागच्या दिवाळीत साईट बंद, सगळे गावाला, मी ऑफिसात एकटा बसून हजेरीची वही आणि स्लॅबचं रजिस्टर शेजारी शेजारी उघडून बघत होतो, खरं तर रनिंग बिलाचा हिशोब लावायला बसलो होतो. बघतो तर ८ पैकी ६ जणांची शेवटची हजेरी स्लॅब पडल्यावर, म्हणजे काँक्रीट ओतल्यावर, दहा ते वीस दिवसांच्या आत. पगाराच्या तारखेशी काही संबंध नाही, सणाशी नाही, स्लॅबशी. म्हणजे पोरगा स्लॅब पडला की लगेच जात नव्हता, शटर (काँक्रीटला खालून धरणारा साचा) खोललं की जात होता.

मग स्लॅबच्या दिवशी आणि शटर खोलायच्या दिवशी माझ्या साईटवर नेमकं काय होतं ते आठवायला लागलो.

एक केस सांगतो. दुसऱ्या मजल्याचा स्लॅब, सकाळी साडेसहाला पंप लागलेला, पोरगा वर गेला आणि त्याला दिसलं की दोन बीमखाली कव्हर ब्लॉकच (सळई प्लायपासून वर धरणारे ठोकळे) नाहीत, सळई डायरेक्ट प्लायवर टेकलेली, ड्रॉइंगमध्ये २५ एमएम कव्हर, म्हणजे सळईबाहेर तेवढं काँक्रीट. त्याने मुकादमाला, म्हणजे लेबर आणून काम करणाऱ्या ठेकेदाराला, सांगितलं. मुकादम म्हणाला साहेब तुम्ही चड्डीत होता तेव्हापासून स्लॅब टाकतोय. पोराने मला फोन केला, मी तेव्हा महापालिकेत एका फाईलसाठी लाईनीत, मी काय बोललो तर बघ बाबा तुझं तू, पण पंप थांबवू नको. आता ह्या वाक्यात त्याने काय करायचं? स्लॅब पडला. शटर खोलल्यावर बीमच्या पोटाला सळई दिसायला लागली, कॉलमच्या जंक्शनला हनीकोम्ब, म्हणजे काँक्रीटमध्ये पोकळ भोकं, डिझाईन करणारे आरसीसी कन्सल्टंट आलेले, त्यांनी फोटो काढले, आणि मी तीस लेबरच्या समोर त्या पोराला वाट्टेल ते बोललो. पुढच्या सोमवारी तो नाही.

सहा महिन्यांनी तो मला गंगापूर रोडला चहाच्या टपरीवर भेटला, मीच हाक मारली, म्हटलं राग धरू नको पण का गेलास ते सांग. म्हणाला, सर थांबवलं असतं तरी शिव्या, नाही थांबवलं तरी शिव्या, मग पुढच्या स्लॅबपर्यंत कशाला थांबायचं.

तर बिघाड हा होता. जबाबदारी पोराच्या नावावर, आणि काम थांबवायचा अधिकार मुकादमाकडे, पंपवाल्याकडे, माझ्याकडे, सगळ्यांकडे, फक्त त्याच्याकडे नाही. पगार वाढवून हे कसं दुरुस्त होणार होतं?

आता काय बदललं ते.

पहिलं म्हणजे पोअर कार्ड, काँक्रीट ओतायच्या आधी काय काय तपासायचं त्याची यादी. मोठ्या साईटवर हे असतंच, आपल्यासारखे लोक त्याला कागदी घोडे म्हणतात, मी पण म्हणायचो. एक साधा कागद आहे, सेंट्रिंग (स्लॅबखालचे टेकू आणि फळ्या), स्टील, कव्हर, इलेक्ट्रिकचे पाईप, प्लंबिंगचे स्लीव्ह (पाईप जायला सोडलेली भोकं), लेव्हल, व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून बसवायचं मशीन) किती आणि कुठल्या निडल, खाली तीन सह्या, मुकादम, इंजिनियर आणि मी. इंजिनियरची सही झाल्याशिवाय आरएमसी प्लांटला (तयार काँक्रीटच्या कारखान्याला) फोन जात नाही, आणि तो फोन मी नाही करत, तोच करतो. ही एवढीच गोष्ट, की काँक्रीट मागवायचा फोन त्याच्या हातात दिला. पहिल्याच स्लॅबला मी मुकादमाला त्याच्यासमोर सांगितलं, मामा, ह्याने थांब म्हटलं की थांबायचं, बरोबर का चूक ते मी नंतर बघीन.

आणि मग व्हायचं तेच झालं, पोराने थांबवलं आणि चुकीचं थांबवलं. चौथ्या मजल्याला कॉलमवरची एक्स्ट्रा टॉप सळई त्याला आखूड वाटली, पंप उभा, खाली दोन ट्रान्झिट मिक्सर गरागरा फिरतायत, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी पोचेपर्यंत पाऊण तास गेला. बघतो तर सळई बरोबर होती, पोराच्या हातातलं ड्रॉइंग जुनं होतं, कन्सल्टंटने त्यानंतर रिव्हिजन पाठवलेलं आणि ते माझ्या मेलमध्ये पडून होतं, साईटवर प्रिंट गेलेलीच नाही. म्हणजे चूक कोणाची तर माझी. प्लांटवरून निघून दोन तासाच्या आत माल पडायला हवा, पहिला मिक्सर कसाबसा बसला, दुसऱ्याची चिठ्ठी बघितली तर वेळ उलटून गेलेली, परत पाठवला, ६ क्युबिक मीटर माल खिशातून गेला. मी काही बोललो नाही. खोटं कशाला सांगू, बोलायची फार इच्छा होती, जीप चालू करून पाथर्डीपर्यंत फिरून आलो. पण त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या. एक, ड्रॉइंगच्या प्रत्येक शीटवर तारीख आणि रिव्हिजन नंबर लाल पेनने, जुनी शीट फाडून टाकायची, साईटवर जुना कागद दिसता कामा नये. दुसरं, मुकादमाने बघितलं की एवढं नुकसान होऊन पण शेठ पोराला काही बोलला नाही, त्यानंतर मामा कव्हर ब्लॉक स्वतः मोजून ठेवायला लागला. तो पोरगा अजून माझ्याकडे आहे.

ह्यानंतर ड्रायव्हरने काँक्रीट पातळ करायला मिक्सरमध्ये पाईप सोडला तर तो पाईप बंद करायला पोरगं मला विचारत नाही. आधी विचारायचं, आणि मी फोन उचलेपर्यंत पाणी गेलेलं असायचं.

दुसरा बिघाड मुकादमात होता आणि हा मला कळायला जास्त वेळ लागला. मला वाटायचं मुकादमाला पोरं आवडत नाहीत कारण तो अडाणी आणि ही शिकलेली, अहंकार वगैरे. तसं काही नव्हतं, हिशोब होता. माझ्याकडे मापं बिलाच्या वेळी घ्यायचो, महिन्याने, कधी दोन महिन्याने, प्लास्टर झाकलं गेलेलं, सेंट्रिंग निघून गेलेलं, मग आठवणीवर भांडण, आणि त्या भांडणात इंजिनियर टेप घेऊन माझ्या बाजूने उभा. म्हणजे मुकादमाच्या दृष्टीने हा पोरगा म्हणजे त्याचं बिल कापायला ठेवलेला माणूस. त्याला तो काय शिकवणार?

आता माप त्याच दिवशी, दोघांनी मिळून, वहीत दोघांची सही आणि बिल पंधरा दिवसाला. लेबरची खर्ची (आठवड्याच्या खर्चाचे पैसे) दर शनिवारी असतेच, ती वेगळी. तर झालं असं की पोरगा साईटवर नसला तर मुकादमाचं माप लांबतं आणि माप लांबलं की बिल लांबतं, म्हणून आता मामाच सकाळी फोन करतो, साहेब कुठपर्यंत आलात. आणि एकदा वहीवर रोज शेजारी बसायला लागले की शिकवणं आपोआप होतं, लेव्हल पाईपमध्ये बुडबुडा राहिला की लेव्हल कशी फसवते, ओळंबा वाऱ्यात कसा धरायचा, सेंट्रिंगच्या टेकूवर हाताने थाप मारून तो भार घेतोय का मोकळा आहे ते आवाजावरून कसं ओळखायचं, हे कुठल्याही पॉलिटेक्निकला शिकवत नाहीत, मामाच शिकवणार. उलट बाजूने पोराने मामाला सळईच्या वजनाचा हिशोब शिकवला, व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे १२ एमएमची एक मीटर सळई ०.८८९ किलो, आता मामा स्टीलची गाडी आली की स्वतः मोबाईलवर गणित करतो आणि वजनकाट्याच्या पावतीला लावून बघतो.

शटर खोलण्यावरून मात्र अजून वाद होतात. मुकादमाला प्लेटा आणि टेकू दुसऱ्या साईटला न्यायचे असतात, पाचव्या दिवशीच त्याचे हात शिवशिवायला लागतात. आयएस ४५६ ह्या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्यावरचा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) असेल तर १४, आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे टेकू १४, त्यावर २१. हे पण साध्या ओपीसी सिमेंटसाठी, पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) असेल किंवा नाशिकची डिसेंबरातली थंडी असेल तर अजून थांबायचं. मी हे आकडे खडूने नाही, ऑइलपेंटने जिन्याच्या भिंतीवर लिहून ठेवलेत आणि खाली त्या स्लॅबची तारीख. पोराला भांडावं लागत नाही, भिंतीकडे बोट दाखवतो.

आता शिकवण्याबद्दल. माझी जुनी पद्धत म्हणजे पहिल्या दिवशी सगळं त्याच्या गळ्यात, स्टोअर बघ, लेबर बघ, क्वालिटी बघ, फ्लॅटवाले गिऱ्हाईक आले तर त्यांना पण फिरव. ह्यात माणूस सगळीकडे असतो आणि कुठेच नसतो. आता पहिले ३० दिवस फक्त स्टील. दुसरं काही विचारणार नाही. ड्रॉइंग वाचायचं, बीबीएस (कुठली सळई किती लांब कापायची, कशी वाकवायची त्याची यादी) स्वतः हाताने काढायचं, एक्सेल नाही, हाताने, मग फिटरने कापलेली सळई त्याला लावून बघायची. चुकतो. माझ्याकडच्या एकाने रिंगांचे हूकच धरले नाहीत, स्टील कमी पडलं, पण तो ते आयुष्यात विसरणार नाही. दुसऱ्या महिन्यात काँक्रीट आणि क्यूब, म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे. किती क्यूब घ्यायचे हे त्याने मला सांगायचं, ४० क्युबिक मीटरचा स्लॅब असेल तर ४ सॅम्पल, एका सॅम्पलचे ३ क्यूब, म्हणजे १२, आणि भरताना तीन थर, प्रत्येक थराला कमीत कमी ३५ ठोके. हे मी मुद्दाम त्याच्याकडून बिगारीला शिकवून घेतो, कारण दुसऱ्याला शिकवताना स्वतःला काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. जंक्शनला सळयांची गर्दी असते तिथे ६० एमएमची निडल जातच नाही, २५ एमएमची मागवून ठेवायला हवी, हे पण त्याच महिन्यात. क्युरिंग, म्हणजे काँक्रीट पाण्याने ओलं ठेवणं, तिसऱ्यात, आणि क्युरिंग हा खरा स्वभावाचा पेपर आहे, कारण कोणी बघत नसतं. रविवारी दुपारी स्लॅबवरच्या आळ्यात पाणी आहे का हे बघायला जो न सांगता येतो तो टिकतो, हे माझं निरीक्षण आहे.

रोज संध्याकाळी १५ मिनिटं, माझ्या गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून, आज काय नवीन बघितलं आणि काय कळलं नाही, एवढंच. मी साईटवर नसेन तर फोनवर. आणि चूक झाली तर लेबरसमोर तोंड उघडायचं नाही, ह्या नियमाला मी स्वतः आत्तापर्यंत दोनदा तोडलंय, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी लेबरसमोरच माफी मागितली, ते बोलण्यापेक्षा महाग पडतं म्हणून आता तोंडावर ताबा आलाय.

घेताना काय बघतो ते पण सांगतो, कारण अर्धा घोळ तिथेच असतो. आधी मी मार्क आणि सॉफ्टवेअर बघायचो. आता इंटरव्ह्यू ऑफिसात घेतच नाही. साईटवर बोलावतो, हातात ड्रॉइंग आणि टेप देतो आणि सांगतो ह्या मजल्यावर दोन चुका आहेत, शोधून दे, अर्धा तास. चुका खऱ्याच असतात, मुद्दाम करायची गरज पडत नाही. त्याला सापडतात का नाही ह्याला मी फार महत्त्व देत नाही, तो गवंड्याला विचारतो का ते बघतो. जो अर्धा तास एकटाच ड्रॉइंगकडे बघत उभा राहतो आणि कोणालाच काही विचारत नाही त्याला मी आता घेत नाही, हुशार असला तरी. मग विचारतो तुझ्या हातून साईटवर काय बिघडलं ते सांग. काहीच बिघडलं नाही म्हणणारा एकतर खोटं बोलतोय नाहीतर साईटवर गेलेलाच नाही. मग तीन दिवस कामाला ये, तीन दिवसांचे पैसे देतो, फुकट ट्रायल अजिबात नाही. आधीच्या साईटची चौकशी करायची असेल तर मालकाला फोन करून उपयोग नसतो, तो एकतर चिडलेला असतो नाहीतर त्याला सुटका हवी असते, तिथल्या स्टोअरकीपरला विचारा, रजिस्टर कोण वेळेवर भरायचं ते त्याला बरोबर माहीत असतं.

गवंड्याचा नाहीतर फिटरचा मुलगा डिप्लोमा करून आला असेल तर मी जरा झुकतं माप देतो, हे पक्षपात म्हणा. पण हा नियम म्हणून धरू नका, माझ्याकडचा असा एक पोरगा स्लॅबला चढायलाच घाबरायचा आणि आता एस्टिमेटचं काम एक नंबर करतो.

काही कारणं अशी होती की ज्यांचा स्लॅबशी संबंध नव्हता, ती पण तपासा. एक मुलगी होती, डिप्लोमावाली, आत्तापर्यंतच्या सगळ्यांत पक्की, ऑटो लेव्हल (लेव्हल बघायची दुर्बीण) डोळे झाकून लावायची. अडीच महिन्यात गेली. कारण तिने मला सांगितलं नाही, अकाउंटवाल्या ताईला सांगितलं, की साईटवर बायकांसाठी संडास नाही म्हणून ती सकाळपासून पाणीच पित नव्हती. लेबरमध्ये पण बायका होत्या माझ्याकडे, इतकी वर्षं, त्यांचं काय चालायचं ते मी कधी विचारलं नव्हतं. आता प्लिंथच्या (जोत्याच्या) आधी दोन संडास होतात, आतून कडी, पाण्याची टाकी वेगळी. दुसरं म्हणजे पगार ७ तारखेला म्हणजे ७ लाच, माझं बिल बिल्डरकडे अडकलेलं असलं तरी, ते पोराचं दुखणं नाही. तिसरं, वरच्या फ्लॅटवाल्यांची पाण्याची तक्रार रात्री अकराला पोराच्या नंबरवर जायची, तो नंबर आता साईटचा वेगळा केलाय आणि रात्री माझ्या घरी असतो.

ज्यांचं लेबर सुरगाणा पेठकडचं आहे त्यांच्यासाठी एक, नवीन पोराला जून संपताना एकटा सोडू नका. भात लावणीला अर्धी साईट गावाला जाते आणि त्याला वाटतं आपल्यामुळे लेबर पळालं. एकजण तर रडकुंडीला आला होता, मामाने त्याला समजावलं की साहेब हे दर वर्षीचं आहे. चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला खानदेशचे लोक चालत निघतात तेव्हा पण तेच, छटला बिहारवाले जातात तेव्हा पण तेच. मी आता पोराला पहिल्याच आठवड्यात कॅलेंडर देतो आणि ह्या तारखांना स्लॅब धरायचा नाही असं त्याच्याच हाताने त्यावर लिहून घेतो.

हे सगळं करून बारा महिन्यात एकजण गेला, तो पण सरकारी भरतीत लागला म्हणून, पेढे घेऊन आला. जो जाणार त्याच्याकडून मी आता एक महिना वही लिहून घेतो, कुठला मुकादम कशात कच्चा, कुठल्या स्लीव्ह कुठे राहिल्या, कुठला कॉलम ओळंब्याला किती एमएम बाहेर आहे.

सुटलेलं नाही ते एकच. माझा जुना सुपरवायझर, १४ वर्षं बरोबर आहे, माणूस सोन्यासारखा, पण शिकवत नाही. विचारलं की म्हणतो मला कोणी शिकवलं होतं का. त्याला पोअर कार्डवर चौथी सही देऊन बघितली, कार्डावर सही करतो आणि निघून जातो. आता पुढच्या साईटला त्याला पगाराच्या वर काहीतरी द्यायचं ठरवलंय, त्याच्या हाताखालचा पोरगा वर्षभर टिकला तर, आणि ते पैसे पोराच्या हातून द्यायचे का माझ्या, ह्यावर ताईचं आणि माझं अजून जमत नाही.